कांदा निर्यातीचा निर्णय रात्रीच का येतो, आणि तो खरा केव्हा मानायचा

सटाण्याकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) दीडशे क्विंटल उन्हाळ कांदा आहे. दर दोन-चार दिवसांनी मोबाइलवर निर्यातीबद्दल काहीतरी येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बंदी उठल्याचं ऐकून आम्ही रांगडा कांदा (उशिरा खरिपाचा, फार न टिकणारा) दोन दिवस थांबवला आणि फसलो. सरकारचे निर्णय शनिवारी-रविवारी, रात्री, नाहीतर निवडणुकीच्या तोंडावरच का येतात? यातलं खरं काय मानायचं?"

भाऊ, मी नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतला ३१ वर्षं कांदा निर्यातीची कागदपत्रं करतोय. शिपिंग बिल (कस्टमकडे दाखल करायचा निर्यातीचा कागद), फायटो (मालात कीड-रोग नसल्याचा दाखला), कंटेनरची नोंद, बंदरावरच्या एजंटाशी बोलणं, एवढंच माझं काम. मी ना व्यापारी, ना सरकारी माणूस. पण दिल्लीतून निघालेला कागद इथे सगळ्यात आधी आमच्यासारख्यांनाच वाचावा लागतो, कारण तो चुकीचा वाचला तर २८ टनांचा कंटेनर बंदरातून परत येतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला कागदावरूनच देता येईल.

आधी तुम्ही फसलात ते कसं, ते सांगतो, कारण त्यात तुमची चूक फार कमी होती. १८ फेब्रुवारी २०२४, रविवार. मंत्र्यांच्या समितीनं निर्यातीला मंजुरी दिली अशी बातमी सगळीकडे फिरली. ती कुणा टवाळानं उठवलेली अफवा नव्हती, पदावरच्या माणसांच्या तोंडून आलेली होती. लासलगावला १७ तारखेला सर्वसाधारण भाव १,२८० रुपये क्विंटल होता, १९ तारखेला तो १,८०० झाला. म्हणजे एका रविवारच्या बातमीवर क्विंटलमागे ५२० रुपये. आणि २० तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं की बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत आहे तशीच आहे. मधल्या दोन दिवसांत ज्यांनी विकलं त्यांचं भलं झालं. "अजून चढेल" म्हणून जे थांबले ते गेले. मागाहून कळलं की मंजुरी होती ती काही मित्रदेशांना, ठरावीक टनांची, तीही सरकारनं ठरवलेल्या सहकारी संस्थेमार्फत पाठवायची. म्हणजे बातमीला मूळ होतं, पण तुमच्या-माझ्या मालाला ते लागू नव्हतं.

त्या रविवारी दिवसभरात मला तीसेक फोन आले असतील. प्रत्येकाला मी एकच विचारत होतो, "अधिसूचना आली का? नंबर सांगा." कुणाकडेच नंबर नव्हता. मी सांगत होतो की कागद नाही तोवर काही नाही. पण सोमवारी भाव खरोखरच चढला, आणि माझं ऐकून ज्यांनी बातमीकडे दुर्लक्ष केलं होतं त्यांना मीच चुकीचा वाटलो. मंगळवारी पुन्हा सगळं उलटं झालं. हे लक्षात ठेवा, कारण बातमी खोटी असली तरी दोन दिवसांचा भाव खरा असतो.

आता वेळेचा मुद्दा. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याच्या खाली माल बाहेर पाठवता येत नाही तो दर, टनाला ८५० डॉलर केलं ते १३ सप्टेंबर २०१९ ला, शुक्रवारी. सरसकट बंदी आली २९ सप्टेंबर २०१९ ला, रविवारी. ४० टक्के निर्यात शुल्क १९ ऑगस्ट २०२३, शनिवार. ८०० डॉलरचं किमान मूल्य २८ ऑक्टोबर २०२३, शनिवार. बंदीला मुदतवाढ २२ मार्च २०२४, शुक्रवार. बंदी उठली ४ मे २०२४ ला, शनिवारी. शुल्क निम्मं झालं १३ सप्टेंबर २०२४ ला, शुक्रवारी. याला अपवाद आहेत: १४ सप्टेंबर २०२० ची बंदी सोमवारची, ७ डिसेंबर २०२३ ची गुरुवारची. पण यादी पाहून कुणाच्याही मनात शंका येणारच.

यातली अर्धी गोष्ट समजण्यासारखी आहे, आणि ती मी सरकारच्या बाजूनंच सांगतो. बंदीची खबर चार दिवस आधी फुटली तर काय होईल? ज्याच्याकडे गाडी आहे तो रातोरात माल बंदराकडे पळवेल, खळ्यांवर खरेदी पेटेल, शहरात कांदा आणखी महागेल, आणि ज्या कारणासाठी बंदी घालायची तेच उलटं होईल. म्हणून असे आदेश बाजार उठल्यावर काढायची रीत आहे. कांद्याच्याच नव्हे, इतर मालाच्या शुल्कांबाबतही तसंच चालतं. नुसत्या रात्रीच्या वेळेवरून कट शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

निवडणुकीचंही तसंच. निवडणूक म्हटली की आपल्याला आपलीच आठवते. २०१९ ची बंदी आली तेव्हा महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान तीन आठवड्यांवर, २१ ऑक्टोबरला होतं. कांदा पिकवणाऱ्या राज्याची निवडणूक समोर असताना त्याच राज्याच्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणारा निर्णय झाला. कारण निर्णय घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा कांदा विकणारा नव्हता, विकत घेणारा होता. १९९८ ला दिल्लीत कांदा भडकला आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत तिथलं सरकार गेलं, ती धास्ती अजून गेलेली नाही. उलट ४ मे २०२४ ची मोकळीक आली तेव्हा नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मे ला होतं, आणि सप्टेंबर २०२४ ची सवलत आली ती नोव्हेंबरच्या विधानसभेआधी. म्हणजे निवडणुकीचा संबंध असतो, पण तो प्रत्येक वेळी एकाच दिशेनं ओढत नाही. "निवडणूक आली, आता बंदी उठणार" असं गणित मांडणाऱ्यांचं २०१९ ला चुकलं. असं गणित करू नका.

मग अविश्वास आला कुठून? माझं मत सांगतो, आणि इतक्या वर्षांत ते पक्कं होत गेलंय. लोकांचा विश्वास रात्रीच्या वेळेनं उडालेला नाही. तो उडाला सरकारनं स्वतः छापलेल्या तारखा न पाळल्यानं.

ऑगस्ट २०२३ पासून नीट बघा. १९ ऑगस्टला ४० टक्के शुल्क लागलं, कागदावर मुदत ३१ डिसेंबर २०२३. शेतकऱ्यानं काय समजायचं? की डिसेंबरअखेरपर्यंत ४० टक्के धरून हिशोब करायचा. पण ऑक्टोबर संपायच्या आत ते शुल्क काढलं आणि ८०० डॉलरचं किमान मूल्य लावलं, म्हणजे किलोला साधारण ६७ रुपयांच्या खाली माल बाहेर पाठवायचाच नाही. त्याचीही मुदत छापली ३१ डिसेंबर. ती तारीख यायच्या २४ दिवस आधी, ७ डिसेंबरला, पूर्ण बंदी. बंदीची मुदत छापली ३१ मार्च २०२४. ती संपायला नऊ दिवस असताना, २२ मार्चला, "पुढील आदेशापर्यंत". आठ महिन्यांत तीन आदेश, त्यांवर तीन मुदती, आणि एकही पाळली गेली नाही. कुणाला दिलेल्या हुंडीची तारीख अशी तीनदा चुकवली तर लासलगावच्या बाजारात कुणी त्याच्याशी पुन्हा उधारीवर व्यवहार करणार नाही. सरकारशी व्यवहार बंद करायची सोय शेतकऱ्याला नाही, म्हणून तो निदान विश्वास ठेवणं बंद करतो. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

७ डिसेंबरची रात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, ती सांगतोच.

लाल कांद्याचा हंगाम भरात होता. माझ्याकडे एका निर्यातदाराचे चार कंटेनर होते, माल मलेशियाचा. दोन दुपारीच न्हावा शेवाला कस्टमच्या ताब्यात गेलेले आणि त्यांची नोंद झालेली. तिसरा बंदराच्या फाटकाबाहेर रांगेत. चौथा इथेच पॅकहाउसवर, जाळीच्या गोण्या भरणं चालू. मी जेवून उठत होतो तेव्हा बंदरावरच्या एजंटानं मोबाइलवर पान पाठवलं. इंग्रजी, दोन परिच्छेद आणि खाली अटी. बंदी तर पहिल्याच ओळीत कळते, पण जीव असतो खालच्या अटींत. त्यात होतं की अधिसूचना निघण्याआधी जहाजावर माल चढवायला सुरुवात झाली असेल, किंवा शिपिंग बिल दाखल होऊन जहाज बंदरात लागलं असेल, किंवा माल कस्टमच्या हवाली होऊन त्यांच्याकडे नोंदला गेला असेल, तर तो ५ जानेवारीपर्यंत जाऊ द्यायचा. बाकीचा नाही.

म्हणजे पहिले दोन कंटेनर वाचले. तिसऱ्याच्या ड्रायव्हरचा फोन आला, "साहेब, माझ्या पुढं चारच गाड्या आहेत, अर्ध्या तासात आत जाईन." त्याला सांगायला माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आत जाऊन उपयोग नव्हता, नोंदीची वेळ आता आदेशानंतरची पडली असती. तरी निर्यातदारानं सकाळपर्यंत गाडी तिथेच ठेवली, कुठूनतरी सवलत निघेल या आशेनं. निघाली नाही. दोन दिवसांनी कंटेनर परत इथे आला. दार उघडलं तेव्हा वास सांगून गेला. बंद पडलेल्या कंटेनरात लाल कांदा दम धरत नाही. निवडून जेवढा चांगला निघाला तेवढा इथल्याच बाजारात गेला, आणि तोवर बाजार कुठे राहिला होता? ८ तारखेला जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई–आग्रा महामार्गावर शेतकरी बसले. पंधरवड्यात भाव जवळपास निम्म्यावर आला.

चौथ्या कंटेनरच्या गोण्या हमालांनी रात्रीच सोडवायला घेतल्या. त्या मालातला एक वक्कल, म्हणजे एका सौद्यातला माल, निफाड तालुक्यातल्या एका वयस्कर शेतकऱ्याचा होता, सगळे त्यांना नाना म्हणतात. सकाळी नाना पैसे घ्यायला आले. त्यांचा सौदा ठरलेला होता, पावती फाटलेली होती, त्यांचे पैसे त्यांना मिळालेच. पण ते ऑफिसात बसून त्या पानाकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "याच्यावर ३१ मार्च लिहिलंय ना? मग माझा उन्हाळ निघेपर्यंत उघडेल." मी हो म्हणालो. कागदावर तसंच होतं. त्यांनी त्या भरवशावर उन्हाळ कांद्याचं क्षेत्र कमी केलं नाही. मार्चअखेरीला काय झालं ते वर सांगितलंच. तेव्हापासून छापलेली तारीख दाखवून कुणालाही "हो" म्हणायचं मी सोडून दिलंय.

हा अविश्वास फक्त आपल्या शेतकऱ्याचा आहे असंही समजू नका. २०१९ च्या बंदीनंतर पाचच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या भर सभेत त्यांनी सांगितलं की तुम्ही अचानक कांदा बंद केलात, आम्हाला अडचण झाली, मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय. आधी थोडं कळवत जा. हसत बोलल्या, पण मागणी तीच होती जी चांदवडच्या रस्त्यावर बसलेल्या माणसाची आहे. २०२० ला पुन्हा तसंच झालं, आणि सीमेवर ट्रक अडकून कांदा सडला. गिऱ्हाईक देशानं एकदा दुसरीकडून माल घ्यायची सवय लावली की ते बाजार परत मिळवायला वर्षं जातात. हे नुकसान कुठल्याच आदेशात लिहिलेलं नसतं, पण शेवटी ते तुमच्याच भावातून वजा होतं.

आता खरं काय मानायचं ते. बातमी, मंत्र्यांचं बोलणं, पत्र सूचना कार्यालयाचं प्रसिद्धिपत्रक आणि राजपत्रातली अधिसूचना, या चार गोष्टींत बंदरावरचा कस्टम अधिकारी फक्त चौथी मानतो. निर्यात खुली की बंद, किमान मूल्य किती, हे विदेश व्यापार महासंचालनालय ठरवतं; शुल्काची अधिसूचना मात्र अर्थ मंत्रालयाकडून निघते. बरेचदा दोन कागद जोडीनं निघतात. एकाचीच बातमी होते आणि दुसरा कुणी वाचत नाही, तिथे लोक हमखास चुकतात.

राजपत्राच्या बाबतीत एक निकाल तुम्हाला माहीत असायला हवा, कारण तो आपल्या बाजूचा आहे. पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के शुल्क लावलं गेलं. अधिसूचना ई-राजपत्रावर चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. ज्या आयातदारांनी त्याच दिवशी, पण त्याआधी, कागदपत्रं दाखल केली होती त्यांच्याकडूनही सरकारनं वाढीव शुल्क मागितलं, कारण तारीख तीच होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२० मध्ये चाथा राइस मिल्स खटल्यात न्यायालयानं सांगितलं की अधिसूचना ज्या क्षणी ई-राजपत्रावर प्रसिद्ध होते त्या क्षणापासून लागू, त्या दिवसाच्या सुरुवातीपासून नव्हे. म्हणून मी आता प्रत्येक अधिसूचनेची नुसती तारीख नाही, वेळही टिपून ठेवतो, आणि कस्टमला माल दिल्याच्या नोंदीची वेळही. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की रात्री निघालेला आदेश त्या दिवशी दुपारी लिलावात झालेल्या सौद्याला मागे जाऊन लागत नाही. लिलावात भाव फुटून पावती झाली असेल आणि दुसऱ्या दिवशी व्यापारी "बंदी आली" म्हणून भाव तोडायला लागला, तर ते चालवून घेऊ नका. बाजार समितीच्या सचिवाकडे पावती घेऊन जा.

अधिसूचना हातात आली की अटी वाचा. मथळ्यावर जाऊ नका. ४ मे २०२४ चं उदाहरण घ्या. मथळा होता "निर्यातबंदी उठली". माझ्या ऑफिससमोर फटाके वाजले. मी कागद वाचला: किमान मूल्य टनाला ५५० डॉलर, आणि वर ४० टक्के शुल्क. ५५० वर ४० टक्के म्हणजे २२०, एकूण ७७० डॉलर. ऑक्टोबर २०२३ मध्ये ८०० डॉलरची अट लागली होती तेव्हा आपण सगळे ओरडत होतो की ही आडून बंदीच आहे. आता ७७० ला आपण फटाके वाजवत होतो. दार उघडलं होतं हे खरं, पण माणूस वाकून जाईल एवढंच. मी त्या दिवशी शेजाऱ्यांना हे सांगितलं तर दोघांनी माझ्याकडे पाठ फिरवली. आठवडाभरात त्यांनाही भावावरून कळलं.

त्याच्या आदल्या आठवड्यातलं आणखी एक. २५ एप्रिलला गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली आणि आपल्याकडे संताप उसळला: त्यांचा जातो, आमचा का नाही? दोन दिवसांत, २७ एप्रिलला, सरकारकडून जाहीर झालं की सहा देशांना ९९,१५० टन निर्यातीला परवानगी आहे. मथळे असे आले की जणू नवीन निर्णय झाला. प्रत्यक्षात तो आकडा आधीच्या महिन्यांत टप्प्याटप्प्यानं दिलेल्या परवानग्यांची बेरीज होती. माझ्याकडे त्या जुन्या अधिसूचना फाइलला लावलेल्या होत्या, मी बेरीज जुळवून पाहिली. यात एकही आकडा खोटा नव्हता. पण लोक चिडलेले असताना जुनंच पुन्हा जाहीर करणं, याला माझा ठाम विरोध आहे. अशानं पुढचा खरा निर्णयही लोकांना जुनाच वाटतो. १५ मे ला आमच्या पिंपळगावात पंतप्रधानांची सभा झाली तेव्हा गर्दीतून एक तरुण ओरडला, "कांद्यावर बोला." त्या ओरडण्यामागे हे सगळं साठलेलं होतं.

राज्याच्या घोषणांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथला घोळ वेगळा आहे. मार्च २०२३ मध्ये अधिवेशन चालू असताना क्विंटलला ३०० रुपये अनुदान जाहीर झालं, मग ३५० झालं, २०० क्विंटलच्या मर्यादेत. घोषणा सभागृहात झाली त्या दिवशी टाळ्या वाजल्या. शासन निर्णय नंतर आला, त्यात सातबाऱ्यावर कांद्याची ई-पीक पाहणीची नोंद मागितली, आणि ती नोंद अनेकांच्या उताऱ्यावर नव्हती. पैसे खात्यात पडायला सप्टेंबर उजाडला, तेही हप्त्यांनी. राज्याच्या बाबतीत म्हणून घोषणेचा दिवस धरू नका. शासन निर्णयातली कागदपत्रांची यादी वाचा आणि पीक पाहणी दर हंगामात वेळेत करा. यात मोबाइल चालत नसेल तर तलाठ्याकडे जा, पण करा.

आता तुमच्या दीडशे क्विंटलांबद्दल. बातमी खरी की खोटी हे कळायला दोन दिवस लागतात, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे चाळ असली तर असतो. रांगड्याला तो वेळ नव्हता, म्हणून फेब्रुवारीत तुम्ही फसलात. उन्हाळला आहे. पण चाळीतला कांदाही फुकट थांबत नाही. एप्रिलमध्ये भरलेल्या चाळीत ऑक्टोबरपर्यंत वजन घटून, सडून, कोंब येऊन चांगल्या शेतकऱ्याचाही तिसरा हिस्सा जाऊ शकतो. मी सांगतो तो मार्ग असा की माल एका निर्णयावर टांगू नका. चाळीचे तीन भाग समजा. एक भाग तुमचा खर्च आणि सोसायटीचं कर्ज निघेल अशा भावाला, बातमी काहीही असो, विकून मोकळे व्हा. दुसरा भाग चढत्या बाजारात काढा. चढ बातमीवरचा असला तरी काढा. भाव वर जाताना विकलेल्याला मंगळवारची भीती नसते. तिसरा ठेवा शेवटपर्यंत, पण तोच जो पत्तीला (वरच्या सालीला) पक्का, वाळलेला, माना बारीक असलेला आहे. गोल्टी (बारीक कांदा) आणि जाड मानेचा माल कधीच धरून ठेवू नका.

सरकारवर अजिबातच विश्वास ठेवायचा नाही, असंही मी म्हणणार नाही. खरी मोकळीक झाली तेव्हा "हे पण खोटंच असेल" म्हणून घाईनं विकणारेही मी पाहिलेत. २२ मार्च २०२५ ला अधिसूचना आली की उरलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिलपासून जाईल. दहा दिवस आधी सांगितलं. त्या दहा दिवसांत माझ्याकडे शिपिंग बिलं कमी आली, कारण शुल्क वाचणार असेल तर निर्यातदार थांबणारच. पण १ एप्रिल आला आणि शुल्क खरोखर गेलं. आधी कळवल्यानं आभाळ कोसळलं नाही. बंदी घालताना दहा दिवस देता येणार नाहीत हे मला मान्य आहे. पण वाटेत असलेला, विकला गेलेला, गाडीत भरलेला माल जाऊ द्यायला काय हरकत आहे? फाटकाबाहेरच्या रांगेतल्या त्या कंटेनरनं दिल्लीतला कांदा स्वस्त झाला नसता. आणि एकदा मुदत छापली की ती संपेपर्यंत हात लावू नये. मागणी फक्त एवढीच लावून धरली तरी पुष्कळ आहे.

डिसेंबरच्या त्या रात्रीनंतर मी ऑफिसच्या बाहेर एक फळा लावला. कुठलीही अधिसूचना निघाली की त्यावर मराठीत लिहितो: नंबर, तारीख, किती वाजता निघाली, काय बदललं, काय बदललं नाही, कधीपर्यंत. लिलावाला जाणारे ट्रॅक्टर थांबवून लोक वाचतात. सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढून शुल्क २० टक्के केलं, तेव्हा शनिवारी सकाळी मी सगळं लिहून काढलं. नाना आले, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "शेवटचा रकाना रिकामा ठेवलाय." अधिसूचनेत शेवटची तारीख नव्हती, म्हणून मी काही लिहिलं नव्हतं. ते म्हणाले, "बरं केलं," आणि ट्रॅक्टर रांगेत लावायला गेले.